गहाणे सरांचा फसलेला पाठ

चंद्रकुमार गहाणे सरांचा पाठ कधी फसत नसे. हे ते स्वतः सांगत नसत, कारण सांगायला इतर होते. लाखांदूर तालुक्यात दिघोरीच्या अंगाला बोडीटोला म्हणून एक लहान गाव आहे. गावाला एक तळं, तळ्याभोवती धानाचे बांधे, म्हणजे भातखाचरं, आणि तळ्याच्या मातीच्या पाळीखाली जिल्हा परिषदेची शाळा. तिथे सर चौथीला शिकवतात. आवाज असा की तळ्यापलीकडे चिखलात धानाचा रोवणा करणाऱ्या बायांचेही सतरापर्यंतचे पाढे पक्के झालेले. शर्टाला कडक इस्त्री, खिशाला लाल-निळे दोन पेन आणि केसांना भरपूर तेल. पावसाळ्यात घरच्या शेतात चिखल तुडवायला उतरले तरी भांग मोडत नसे.

महिन्यातून एकदा केंद्रातल्या दहा-बारा शाळांचे शिक्षक एका ठिकाणी जमतात, त्याला शिक्षण परिषद म्हणतात. परिषदेचा क्रम ठरलेला होता. आधी सरस्वतीच्या फोटोला हार, मग केंद्रप्रमुख भैयाजी नाकाडे साहेबांचं मार्गदर्शन, मग गहाणे सरांचा आदर्श पाठ आणि शेवटी तर्रीपोहे. पोहे शेवटी ठेवण्यामागे साहेबांचा काही विचार होता असं काही शिक्षक म्हणत, पण ते सरांच्या कानावर कोणी घातलं नव्हतं. सरांचा खरा पगार पोह्यांच्या वेळी मिळे. हातात प्लेट घेऊन दोन-चार जण भोवती गोळा होत. "सर, माह्या वर्गात भागाकार काही केल्या बसून नाही राहिला जी." सर पोह्यातली मिरची बाजूला काढत आणि उपाय सांगत. विचारणारा मान हलवी. त्या हलणाऱ्या मानांवर सरांचा महिना निघे.

मानांमधली सगळ्यात जोरात हलणारी मान भुपेंद्र लांजेवारची. हा तीन कोसांवरच्या शाळेतला नवा शिक्षक. नोकरीला लागल्यापासून सरांना धरून होता. रोज संध्याकाळी त्याचा फोन यायचा. सरांची बायको शकुनबाई फोन वाजला की म्हणायच्या, "घ्या, तुमचा लेकरू रडून राहिला."

असं सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं, तेवढ्यात खुशबू पटले मॅडम बदलून आल्या.

मॅडम तुमसरकडच्या, सिहोऱ्याच्या. वय तीस-बत्तीस, येणंजाणं स्कूटीवर. पहिल्याच परिषदेत साहेब म्हणाले, "नव्या मॅडमनं एखादा चांगला पाठ घ्यावा." मॅडम उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहेब, चांगला नाही जी माझ्याकडे. एक फसलेला हाय. तो सांगू का?"

मागच्या बाकावर मोबाइल पाहणाऱ्या दोघांनी माना वर केल्या. परिषदेत असं कोणी कधी बोललं नव्हतं. परिषदेत सगळ्यांचं सगळं शंभर टक्के असतं, अडचण असलीच तर ती पालकांची. मॅडमनी मात्र सरळ सांगितलं की तिसरीतली अर्धी पोरं धडा घडाघडा वाचतात, पण त्यात काय आहे ते विचारलं की माझ्याकडे पाहत बसतात. मी हे करून पाहिलं, ते करून पाहिलं, नाही जमलं. आता तुम्ही सांगा.

आणि लोक सांगायला लागले. ज्यांच्या तोंडून परिषदेत 'उपस्थित' सोडून शब्द निघाला नव्हता, तेही. एकजण म्हणाला, माह्या वर्गातही असंच आहे, पण मले वाटलं माह्याच वर्गात आहे. त्या दिवशी पोहे गार झाले आणि गहाणे सरांचा आदर्श पाठ वेळेअभावी राहिला.

"नवीन हाय," सर घरी येऊन शकुनबाईंना म्हणाले. "तिले पद्धत माहीत नाई. आपल्या घरची फाटकी गोधडी कोणी चौकात वाळत घालते का?"

पण चौकात एकीनं घातली की दुसऱ्यांनाही धीर येतो. दोन-तीन महिन्यांत शेजारशेजारच्या शाळांचे पाच-सहा शिक्षक मॅडमभोवती जमले, त्यांत भुपेंद्रही होता. दर महिन्याला त्यांच्यातल्या एकाच्या वर्गात बसायचं आणि त्याचा अडलेला पाठ पाहायचा असं ठरलं. त्याचे नियमही निघाले. पाहणाऱ्यानं मास्तराकडे पाहायचं नाही. एकेका पोराजवळ बसायचं आणि फक्त त्याच्याकडे पाहायचं. पाठ संपल्यावर गोल बसून आपण काय पाहिलं तेवढंच सांगायचं. वाहवा नाही आणि चुका काढणंही नाही. साहेबांनी अहवालात याला 'शिक्षक अध्ययन समुदाय' असं भारदस्त नाव दिलं. लोक मात्र 'पटले मॅडमचा गट' म्हणत.

सरांना हे 'पटले मॅडमचा' फार लागलं. इतकी वर्षं केंद्रात पाठ दिले, पण 'गहाणे सरांचा गट' असं कोणी म्हटलं नव्हतं. शिवाय नियम तरी कसा, तर मास्तराकडे पाहायचं नाही. मग माणसानं इस्त्री कोणासाठी करायची?

त्यातून भुपेंद्रचे फोन कमी झाले. आधी दिवसाआड, मग आठवड्यानं. एकदा सरांनीच लावला तर बराच वेळ व्यस्त. मग काहीतरी सरकारी काम काढून त्यांनी पटले मॅडमना लावला, तर तोही व्यस्त. सरांनी फोन खाली ठेवला आणि जेवायला बसले. भातावर वरण घेता घेता म्हणाले, "पटले मॅडम म्हणे पोराइले गोष्टी लिहायले लावते." ताक घेताना म्हणाले, "पटले मॅडमच्या वर्गात म्हणे बाकं गोल लावले हाय."

शकुनबाईंनी ताकाचं भांडं उचललं. "आज जेवणात पटले मॅडम जास्तच पडली वाटते. मीठ कमी हाय का वरणात?"

"मी कुठं तिचं नाव घेतलं?"

"नाई, कुठं? मीच घेऊन राहिली."

सरांनी सगळ्यांत मोठी चूक अशी केली की गटात जाऊन बसले. बाहेर राहून जळण्यापेक्षा आत राहून लक्ष ठेवावं, असा हिशेब. मॅडमना मात्र खरंच आनंद झाला. त्यांनी सरांसाठी खुर्ची ओढली आणि आपल्या साध्या आवाजात विचारलं, "सर, तुमचा कोणता पाठ फसते जी?"

सगळे सरांकडे पाहायला लागले. संघपाल रामटेके म्हणून एक शिक्षक आहेत, बोलतात कमी पण बोलले की टोचतात. ते म्हणाले, "सरांना थोडा वेळ द्या. शोधावं लागन."

"विचार करून सांगतो," सर म्हणाले.

आणि खरोखरच ते शोधू लागले. शोधता शोधता हैराण झाले. एकही सापडेना. त्यांचा प्रत्येक पाठ घंटा वाजता वाजता संपत असे. पोरं एका सुरात उत्तर देत. तपासणीला येणारे अधिकारी पाठीवर थाप मारून जात. दुसऱ्यांच्या झोळीत एवढे फसलेले पाठ आणि आपली झोळी रिकामी, याचं सरांना पहिल्यांदाच वाईट वाटलं.

त्याच सुमारास साहेबांनी सांगितलं की लाखांदूरला तालुक्याची परिषद आहे, केंद्रातर्फे एक जण बोलेल. शिक्षणाधिकारी येणार, सगळा तालुका ऐकणार. "पुढच्या बैठकीनंतर गटच ठरवन कोण जायचं ते," साहेब म्हणाले आणि बोलता बोलता पटले मॅडमकडे पाहून हसले. पुढची बैठक बोडीटोल्यात, म्हणजे गहाणे सरांच्याच वर्गात होती.

ते हसू सरांनी टिपलं. आजवर केंद्रातर्फे लाखांदूरला तेच जात आले होते. आता आपल्याच शाळेत, आपल्याच फळ्यासमोर बसून लोक दुसरीचं नाव घेणार. हे होऊ द्यायचं नव्हतं. फसलेला पाठ पाहिजे ना? मग असा फसवून दाखवू आणि लोकांच्या डोळ्यांदेखत असा सावरून दाखवू की लाखांदूरचं नाव निघताच सगळ्यांच्या तोंडी गहाणेच येतील.

ज्याचा पाठ कधी फसत नाही, त्याला फसण्याचीही तयारी करावी लागते. सरांनी हातच्याची वजाबाकी निवडली. चारशे दोनातून एकशे अठ्ठावन्न वजा करा. मधे शून्य आलं की पोरं अडखळतात. वरच्या दोनातून खालचे आठ जात नाहीत, म्हणून आठातूनच दोन काढतात आणि तीनशे छप्पन्न असं ठणठणीत चुकीचं उत्तर देतात. मग सरांनी काड्या आणायच्या. दहा-दहाच्या जुड्या, दहा जुड्यांचा एक शेकडा. शेकडा सोडून दाखवायचा आणि पोरांनी आपसूक बरोबर उत्तर द्यायचं, दोनशे चव्वेचाळीस.

काड्यांसाठी घरातले दोन खराटे सुटले. शकुनबाई अंगणात कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "का जी, अंगण आता पटले मॅडम झाडून देईन का?"

"गणिताचं साहित्य हाय ते."

"साहित्य होय. माहा नवा खराटा होय तो."

आठवडाभर सरांनी पोरांना तयार केलं. "पाहुण्यांसमोर मी पहिल्यांदा विचारलं की तीनशे छप्पन्न म्हणायचं. काड्या दाखवल्या की दोनशे चव्वेचाळीस म्हणायचं. समजलं?"

पोरं एकमेकांकडे पाहू लागली. "सर, चूक म्हणायचं?"

"हो, चूक म्हणायचं. जोरात म्हणायचं."

यात एक घोळ होता आणि तो सरांच्या लक्षात यायला हवा होता. हीच पोरं पहिलीपासून शिकत आली होती की पाहुणे आले की नीट बसायचं, हात वर करायचा आणि बरोबर उत्तर द्यायचं. तेही सरांनीच शिकवलं होतं. एका आठवड्यात कोणाची वळणं सुटतात?

बैठकीच्या दिवशी गट आला. साहेब दाराजवळ खुर्चीत बसले. भुपेंद्र, संघपाल सर, पटले मॅडम आणि बाकीचे दोघं नियमाप्रमाणे एकेका पोराच्या बाजूला खाली सतरंजीवर बसले. सरांनी फळ्यावर चारशे दोन लिहिलं, त्याखाली एकशे अठ्ठावन्न लिहिलं, रेघ ओढली आणि वळले. चेहऱ्यावर त्यांनी थोडी काळजीही आणली होती.

"बोला, किती?"

अर्ध्या वर्गाला सरांचा शब्द आठवला, अर्ध्याला पाहुणे दिसले.

"तीनशे छप्पन्न," खिडकीकडची पोरं म्हणाली.

"दोनशे चव्वेचाळीस," दाराकडची पोरं म्हणाली, कारण दाराशी साहेब होते.

मग दोन्हीकडच्यांना आपलं चुकलं असं वाटलं आणि त्यांनी पटकन उत्तरं बदलून घेतली. आता खिडकीकडे दोनशे चव्वेचाळीस आणि दाराकडे तीनशे छप्पन्न झालं. काड्या अजून टेबलाखालच्या पिशवीतच होत्या.

सरांच्या कानामागून तेलाचा एक ओघळ खाली आला. त्यांनी घाईघाईनं पिशवी काढली, शेकडा सोडला, जुड्या मांडल्या, त्यातली एक जुडी सोडून काड्या एककांच्या घरात टाकल्या. हात इतक्या सफाईनं चालत होते की नुसतं पाहत राहावं. पाहायला मात्र कोणी दिसेना. गट पोरांकडे पाहत होता आणि बहुतेक पोरं गटाकडे.

आता सावरायला दुसरं उदाहरण घेऊ, असं सरांनी ठरवलं. फळा पुसला. पाचशे तीनातून दोनशे सदुसष्ट. "आता सांगा, किती?"

सगळ्या वर्गाची एकदाची खात्री पटली. काड्या दाखवून झाल्या होत्या. सगळी पोरं एका सुरात, तळ्यापलीकडे जाईल अशा आवाजात म्हणाली, "दोनशे चव्वेचाळीस."

सरांनी फळ्याकडे पाहिलं. पाचशे तीन तिथंच होतं. त्यांनी खडू घेतला आणि उत्तर स्वतःच लिहिलं, दोनशे छत्तीस. पोरांनी ते मुकाट्यानं वहीत उतरवलं.

पोरं खेळायला सुटली. गट गोल बसला. सर खुर्चीवर बसत होते, पण सगळे खाली असल्यामुळे त्यांनाही खाली बसावं लागलं. इस्त्रीची पॅन्ट गुडघ्यात मोडली.

आधी भुपेंद्र बोलला. "माह्या बाजूच्या पोरानं पहिले तीनशे छप्पन्न लिहिलं. खोडलं. मंग दोनशे चव्वेचाळीस लिहिलं. मंग दुसरं गणित यायच्या आधीच त्याच्या उत्तराच्या जागी पुन्हा दोनशे चव्वेचाळीस लिहून ठेवलं."

संघपाल सर म्हणाले, "माझ्या बाजूची पोरगी मले हळूच विचारे, आता खरं सांगायचं का, का अजून थांबायचं."

साहेब खोकले. सगळ्यांना कळलं होतं, आणि सगळ्यांना कळलंय हे सरांनाही कळलं. पण नियमच असा की पाहिलं तेवढंच सांगायचं, चुका काढायच्या नाहीत. त्यामुळे कोणी काही म्हणेना. शिव्या घातल्या असत्या तर सरांना उत्तर देता आलं असतं.

मॅडमची पाळी आली. सर अंग आवळून बसले. मॅडम म्हणाल्या, "माझ्या बाजूच्या पोरीचं काड्या निघाल्यापासून पूर्ण लक्ष काड्यांकडे होतं. सर जुडी सोडत होते तर तिची बोटं पण अशी हलत होती." त्यांनी बोटं हलवून दाखवली. "पण काड्या कोणाच्याच हातात गेल्या नाही जी. सरांच्याच हातात राहिल्या. माझ्या वर्गातही मी असंच करते. जमिनीवर मांडते, मीच सोडते, मीच मोजते. आता पाहिलं तेव्हा समजलं."

"माह्या वर्गातही," भुपेंद्र म्हणाला.

मग बोलणं थांबेना. मधे शून्य असलं की हातचा कुठून येतो, तो पोराला दिसतो का, का आपण सांगतो म्हणून तो मान्य करतो. आपण विचारतो तेव्हा पोरं गणित करतात, की आपल्याला काय ऐकायचं आहे ते ओळखतात. संघपाल सर म्हणाले की माझी पोरं तर माझ्या भुवयांवरून उत्तर सांगतात. शाळेच्या स्वयंपाकीण ताराबाई चहा घेऊन दोनदा आल्या आणि दोनदा गार चहा परत घेऊन गेल्या. इतक्या वर्षांत सरांच्या पाठावर एवढी चर्चा कधी झाली नव्हती. सगळे त्यांच्याकडे वळून बोलत होते, त्यांना विचारत होते. हवं होतं ते सगळं मिळत होतं, आणि ते असं मिळालं म्हणून सरांना जमिनीत जावंसं वाटत होतं.

शेवटी साहेबांनी घड्याळ पाहिलं. "लाखांदूरचं ठरवून टाका. मॅडम, तुमचा वाचनाचा पाठ घेऊन जा, चांगला हाय."

मॅडम म्हणाल्या, "साहेब, मले वाटते आजचा न्यावा. असा पाठ अजून आपल्याकडे आला नव्हता."

"हो जी, हाच," भुपेंद्र म्हणाला.

"पण हा सांगायचा म्हणजे," साहेब शब्द शोधू लागले, "म्हणजे मंग सगळंच सांगा लागन. कसा झाला, काहून झाला." ते सरांकडे पाहायचं टाळत होते. "सरांवर जबरदस्ती नाई. सरांची तयारी नसन तर मॅडम जातीन. त्यांचा वाचनाचा तयारच हाय."

सरांना दोन चित्रं दिसली. एकात ते स्वतः तालुक्यासमोर उभे राहून सांगत होते की मी पोरांकडून चुकीचं उत्तर पाठ करून घेतलं. समोर शिक्षणाधिकारी, मागे कोणीतरी तोंडावर रुमाल धरलेलं. दुसऱ्यात त्याच जागी, त्याच माइकसमोर पटले मॅडम उभ्या होत्या आणि लोक टाळ्या वाजवत होते.

पहिलं चित्र वाईट होतं. दुसरं पाहवतच नव्हतं.

"मी जातो," सर म्हणाले.

"पूर्ण सांगान का, सर?" संघपाल सरांनी विचारलं.

"पूर्णच सांगतो. अर्धवट काम आपल्याले जमत नाई." मग आवाज थोडा खाली आला. "शिकवूनच आणलं होतं मी पोराइले. तेबी सांगतो."

मॅडमच्या चेहऱ्यावर जो आनंद झाला, त्यात कुठंही खोट नव्हती. सरांनी नीट निरखून पाहिलं, थोडी तरी असेल म्हणून. नव्हती. हेच त्यांना सगळ्यांत जड गेलं.

"काय म्हणते तुमची पटले मॅडम?" संध्याकाळी शकुनबाईंनी विचारलं.

"लाखांदूरले मी जाऊन राहिलो," सर म्हणाले. "ती नाई."

दुसऱ्या दिवशी सर चौथीच्या वर्गात गेले. खडू टेबलावर ठेवला आणि काड्यांची पिशवी सतरंजीवर रिकामी केली. पोरांच्या टोळ्या केल्या आणि प्रत्येक टोळीला शेकडे, जुड्या आणि सुट्या काड्या दिल्या. चारशे दोनातून एकशे अठ्ठावन्न काढा, म्हणाले. पुढे काही सांगितलं नाही. वर्गात लगेच बाजार भरला. एका टोळीनं सगळे शेकडे एकदम सोडले आणि ढीग मोजत बसली. दुसरीत दोघं एका जुडीवरून भांडू लागले. तिसरीनं एक जुडी सोडली, मग परत बांधली, मग परत सोडली आणि आपसात कुजबुजत बसली. सरांचे हात शिवशिवत होते. त्यांनी ते पाठीमागे एकमेकांत घट्ट धरले.

तिसरी टोळी जुडी परत का बांधते आहे ते त्यांना कळेना. काहीतरी अडलंय खास, पण काय? उद्या मॅडम येणार होत्या, लाखांदूरच्या आधी एकदा सोबत पाहू म्हणून. त्या येतील, या पोरांजवळ बसतील आणि पाच मिनिटांत ते शोधून सांगतील, आणि वर म्हणतील की माझ्या वर्गातही असंच होतं जी.

ते होण्याआधी आपल्याला दिसलं पाहिजे. सरांनी पॅन्टची काळजी सोडली, सतरंजीवर त्या टोळीजवळ मांडी घातली आणि तोंड घट्ट मिटून पोरांच्या बोटांकडे पाहू लागले.